क्षयाच्या गोळ्यांनी न विरलेली गाठ: हॉजकिन लिम्फोमाचे एक प्रकरण

रुग्ण २४ वर्षांचा पुरुष, सोलापूर जिल्ह्यातला, सूतगिरणीत कामाला. मानेच्या उजव्या बाजूला, हासळीच्या हाडाच्या वर, न दुखणारी गाठ. कॅन्सर विभागात पोहोचला तेव्हा गाठ लक्षात येऊन आठ महिने झाले होते. त्यातले पाच महिने क्षयाची औषधे चालू होती आणि तेवढ्या काळात वजन ६४ वरून ५७ किलोवर आले होते. अखेरचे निदान क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कॅन्सर, मिक्स्ड सेल्युलॅरिटी प्रकार, टप्पा ३-बी.

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. लिम्फोमाच्या रुग्णांच्या फायलींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम इथे एका रुग्णाभोवती मांडला आहे. तो सविस्तर लिहिण्याचे कारण असे की यातली प्रत्येक पायरी त्या त्या दिवशी बरोबरच वाटते. चूक दिसते ती सगळे कागद तारखेप्रमाणे लावल्यावर.

पहिले तीन महिने

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. जखम भरली की ते उतरते. लसीका ग्रंथीचे कामच ते: जंतू अडवायचे आणि त्यासाठी फुगायचे. त्यामुळे मानेत गाठ लागली म्हणून कोणी घाबरण्याचे कारण नाही. दात किडलेला असेल, डोक्यात उवांमुळे खाजवून जखमा असतील, घसा सुजला असेल, तर गाठ दोन-चार आठवड्यांत बसते. एक सेंटिमीटरहून लहान, मऊ, हलणारी गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

या नियमाला जागेचा अपवाद आहे. हासळीच्या हाडावरच्या खळगीतली गाठ दाढेमुळे किंवा घशामुळे सहसा येत नाही. उजवीकडच्या खळगीत छातीतला लसीकाप्रवाह येतो, डावीकडे पोटातला. तिथे हाताला लागणारी गाठ केवढीही असो, तिचे कारण शोधलेच पाहिजे. या रुग्णाची गाठ त्याच खळगीत होती, आणि पहिल्या कागदावर फक्त ‘मानेत गाठ’ एवढेच लिहिले होते. जागा नाही, माप नाही. पुढच्या डॉक्टरला ती वाढली की नाही हे कळायला काही आधारच राहिला नाही.

दहा दिवस प्रतिजैविक झाले. गाठ तशीच. मग सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. रिपोर्ट आला ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे साध्या दाहाने फुगलेली गाठ. सहा आठवड्यांनी पुन्हा सुई, कारण आता संध्याकाळी ताप येऊ लागला होता. या वेळी रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा दिसतात, कॉक्सची शक्यता’. ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, कॉक्स म्हणजे क्षय. मॉन्टू, म्हणजे क्षयासाठीची कातडीवरची चाचणी, १४ मिलिमीटर. छातीचा एक्स-रे काढलाच नाही.

ताप, वजन उतरणे, रात्रीचा घाम, मानेत गाठ. आपल्याकडे हे ऐकून पहिला विचार क्षयाचाच येतो आणि तो यायलाही हवा, कारण भारतात मानेतल्या जुनाट गाठींमागे लिम्फोमापेक्षा क्षय कितीतरी जास्त वेळा असतो. उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरने अंधारात बाण मारला असे म्हणता येणार नाही. पण सुईतून आलेला द्रव सीबीनॅटला, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीला, पाठवला नव्हता. मॉन्टू पॉझिटिव्ह येणे म्हणजे क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती इतकेच. आपल्याकडे प्रौढांत ते सर्रास आढळते. ही गाठ क्षयाची आहे हे त्यावरून ठरत नाही.

सुईत काय येत नाही

हॉजकिन लिम्फोमात कॅन्सरच्या पेशी मोजक्या असतात. त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात: मोठ्या, दोन किंवा अधिक केंद्रकांच्या, प्रत्येक केंद्रकात ठळक गोल ठिपका. गाठीतल्या एकूण पेशींत त्यांचा वाटा बहुधा एक टक्क्याच्या आसपास. बाकी सगळी गर्दी साध्या लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी यांची, म्हणजे कॅन्सरच्या पेशींनी स्वतःभोवती बोलावलेल्या दाहाच्या पेशींची. बारीक सुईने या गर्दीतले काही थेंब ओढले तर ‘रिअॅक्टिव्ह’ असा रिपोर्ट येणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय हॉजकिनच्या गाठीत ग्रॅन्युलोमाही असू शकतात. म्हणजे दुसरा रिपोर्टही खोटा नव्हता. सुई जिथे गेली तिथे ग्रॅन्युलोमाच होते.

आणि पेशी सापडली तरी पुरत नाही. लिम्फोमाचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत. प्रकार ठरतो तो पेशी कोणत्या रचनेत बसल्या आहेत आणि त्यांच्यावर कोणती प्रथिने आहेत यावरून. सुईत पेशी सुट्या येतात, रचना मोडून येते. क्षय, किंवा तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरची मानेत उतरलेली गाठ ओळखायला एफएनएसी फार उपयोगी आहे. लिम्फोमा वगळायला ती पुरेशी नाही. ‘सुईत कॅन्सर नाही आला’ हे वाक्य घेऊन कुटुंब निश्चिंत होते, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो.

क्षय आणि हॉजकिन यांची ही सरमिसळ जुनी आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले. व्हिएन्नातल्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये त्यातल्या मोठ्या पेशी नीट टिपल्या, पण आजार हा क्षयाचाच एक वेगळा प्रकार असावा असे त्यांचे मत होते, कारण त्यांच्या अनेक रुग्णांत दोन्ही एकत्र होते. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हा क्षय नाही, स्वतंत्र आजार आहे, हे दाखवले. दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात हे मात्र आजही खरे आहे. म्हणून एक सापडला की दुसऱ्याचा शोध थांबवायचा नसतो.

उपचार चालू, गाठ वाढती

वजन ६४ किलो, म्हणून रोज चार एकत्रित गोळ्या: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. पहिल्या तीन आठवड्यांत ताप गेला आणि घरच्यांना हायसे वाटले. मग ताप परत आला. हॉजकिनचा ताप काही रुग्णांत असाच आठवडा-दोन आठवडे येतो आणि तितकाच काळ आपोआप जातो. गोळ्यांचा गुण आला असे समजायला तेवढे पुरते.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी गाठ दीडपट झाली. इथे घाईने निष्कर्ष काढता येत नाही. गाठींच्या क्षयात औषधे बरोबर लागू पडत असतानाही काही रुग्णांत गाठ तात्पुरती फुगते, नवी येते, कधी फुटतेही. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिक्रिया म्हणून हे होते. गाठ वाढली म्हणजे औषध चुकले असे नाही आणि निदान चुकले असेही नाही. पण ज्या रुग्णात क्षयाचा जंतू एकदाही दिसलेला नाही, ना सीबीनॅटमध्ये, ना कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी), ना क्षयाचे जंतू दाखवणाऱ्या झेडएन रंगाच्या स्लाइडवर, त्याच्यात ही सबब वापरायला जागाच नाही. त्या दिवशी गाठ काढून तपासायला हवी होती. त्याऐवजी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅम, सुरू झाले.

या प्रकरणातली सर्वांत महाग गोष्ट हीच. स्टेरॉइड लिम्फोसाइट मारते. लिम्फोमाची गाठ त्याने काही दिवस लोण्यासारखी उतरते, ताप जातो, भूक लागते. घरच्यांना वाटते अखेर औषध लागले. आणि या काळात बायॉप्सी केली तर आतली रचना इतकी बदललेली असते की पॅथॉलॉजिस्टला नाव देता येत नाही. पाच आठवड्यांनी स्टेरॉइड कमी करत बंद केल्यावर गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली, दुसऱ्या बाजूलाही आल्या, आडवे झाल्यावर खोकला सुरू झाला. तेव्हा काढलेल्या पहिल्या एक्स-रेत छातीचा मधला भाग रुंद दिसला.

निदान होईपर्यंत स्टेरॉइड नाही, हा नियम पाळता येण्यासारखा आहे. अपवाद एकच: गाठीने श्वासनलिका दाबली जाऊन जीव धोक्यात असेल तर. तेव्हाही शक्य असेल तर आधी तुकडा, मग स्टेरॉइड.

गाठ कशी काढायची

‘सुरी लावली की पसरतो’ या भीतीने कुटुंबाने आणखी दोन आठवडे घेतले. लिम्फोमा हा रक्ताच्या पेशींचा आजार आहे. त्या पेशी एरवीही शरीरभर फिरतात. गाठ काढल्याने तो पसरत नाही. उलट दिशेची समजूतही तितकीच घातक आहे: गाठ काढली, प्रश्न मिटला. काढणे हा उपचार नाही, ती फक्त तपासणी आहे.

कोणती गाठ काढायची हे जागेवरून ठरते. मानेतली आणि जांघेतली अशा दोन असतील तर मानेतली, कारण जांघेत जुन्या जखमांचे व्रण भरपूर असतात. सर्वांत वरवरची आणि सोपी गाठ काढण्याचा मोह टाळून सर्वांत मोठी, रबरासारखी, अलीकडे वाढलेली निवडायची. मानेच्या मागच्या त्रिकोणात खांदा उचलणारी अॅक्सेसरी नस कातडीच्या अगदी जवळून जाते. ती दुखावली तर हात डोक्यावर नेता येत नाही, म्हणून हे काम सवय असलेल्या सर्जनचेच.

छातीत मोठी गाठ असलेल्या रुग्णाला पूर्ण भूल देणे धोक्याचे. उताणे निजवून स्नायू शिथिल केले की गाठ श्वासनलिकेवर बसू शकते. या रुग्णाला आडवे होताच खोकला येत होता हीच सूचना होती. त्याला अर्धवट बसवून, जागेवर भूल देऊन गाठ काढली. तुकडे न करता, सालीसकट, अख्खी: २.८ सेंटिमीटर. कॉटरी (रक्त थांबवायला जाळणारे उपकरण) गाठीला न लावता, चिमटा न दाबता.

पुढची दहा मिनिटे सर्जरीइतकीच मोलाची. गाठ कोरडी पडण्याआधी मधोमध कापून ताज्या कापावर काच टेकवून ठसे घेतले. मोठा भाग २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या करून गाठीच्या किमान दहापट फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात. एक छोटा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, क्षयाचे कल्चर आणि सीबीनॅटसाठी. एक भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरची प्रथिने तपासण्याची चाचणी) त्या प्रयोगशाळेने दिलेल्या द्रवात. अनेक ठिकाणी सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये टाकतात आणि मग क्षयाचे कल्चर करता येत नाही, कारण फॉर्मलिनने जंतू मरतो. किंवा सगळी सलाइनमध्ये टाकून शनिवार-रविवार ठेवतात आणि पेशी कुजतात. अख्खी गाठ न कापता फॉर्मलिनमध्ये टाकली तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधला भाग सडतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकाने ‘क्षयासाठी वेगळी बाटली जाणार ना?’ एवढे विचारले तरी पुरे.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. विलंब नव्हे, ते आवश्यक आहे: आधी साधी स्लाइड, मग आयएचसी, म्हणजे पेशींवरची सीडी३० सारखी प्रथिने रंगाने ओळखण्याची चाचणी. मोठ्या पेशी सीडी३० आणि सीडी१५ पॉझिटिव्ह, पॅक्स५ फिकट, सीडी४५, सीडी३ आणि सीडी२० निगेटिव्ह. ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) याची एलएमपी१ चाचणी पॉझिटिव्ह, जे भारतातल्या हॉजकिनमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त वेळा दिसते. झेडएन आणि सीबीनॅट निगेटिव्ह. ‘लिम्फोमा’ एवढ्याच शब्दावर केमो सुरू करायची नसते. आयएचसी हवीच, कारण सीडी२० पॉझिटिव्ह लिम्फोमाची औषधे पूर्ण वेगळी असतात. दुसरे मत घ्यायचे तर स्लाइडबरोबर मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. नव्या चाचण्या ब्लॉकमधूनच होतात.

टप्पा आणि तयारी

पेट सीटी म्हणजे साखरेसारखे किरणोत्सारी औषध टोचून रोगाच्या जागा उजळवणारा स्कॅन. त्यासाठी किमान सहा तास उपाशी, इंजेक्शननंतर सुमारे तासभर शांत पडून. मान, छाती आणि प्लीहा उजळली. डायाफ्रामच्या दोन्ही बाजू, म्हणून टप्पा ३. ‘बी’ हे अक्षर ३८ अंशांवरचा ताप, अंथरूण भिजवणारा घाम किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजनघट यांपैकी काहीही असले की लागते. ६४ वरून ५७ म्हणजे जवळपास ११ टक्के. पेटमध्ये क्षयही तितकाच उजळतो, म्हणून बायॉप्सीऐवजी पेट हा पर्याय नाही. पेट झाला की हॉजकिनमध्ये बोन मॅरोची सुई बहुधा लागत नाही.

तिसरा टप्पा ऐकून घर हादरते. फुप्फुस किंवा जठराच्या कॅन्सरचा तिसरा टप्पा आणि हा, यांची तुलना होत नाही. पुढच्या टप्प्यातल्या हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

हिमोग्लोबिन ९.८, अल्ब्युमिन ३.२. हॉजकिनच्या धोक्याच्या सात निकषांपैकी पुरुष असणे, कमी हिमोग्लोबिन आणि कमी अल्ब्युमिन असे तीन लागू. केमोआधी हृदयाचा २डी इको, फुप्फुसाची क्षमता, एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल स्पष्ट बोलणे केमोच्या आधीच झाले पाहिजे. २४ वर्षांचा मुलगा आई-वडिलांसमोर हे विचारणार नाही, म्हणून त्याच्याशी एकट्याशी बोलावे.

क्षयाची औषधे थांबवली. रिफाम्पिसिन यकृतातली विकरे वाढवून केमोच्या औषधांची रक्तातली पातळी खाली आणते. क्षय सिद्ध झाला असता तर दोन्ही उपचार बरोबरीने चालले असते, त्यासाठी दोन्ही विभागांनी बसून औषधे जुळवावी लागतात. कल्चरला सहा आठवडे लागतात, तोवर केमो थांबवायची नसते.

एबीव्हीडी

एबीव्हीडी म्हणजे चार औषधांची एकत्र केमो. डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो, इथे १.६३ चौरस मीटर. दर चौरस मीटरला डॉक्सोरुबिसिन २५ मिलिग्रॅम, ब्लिओमायसिन १० युनिट, विनब्लास्टिन ६ मिलिग्रॅम, डकारबाझिन ३७५ मिलिग्रॅम. या रुग्णासाठी अंदाजे ४१ मिलिग्रॅम, १६ युनिट, ९.८ आणि ६११ मिलिग्रॅम. दर पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोसचे एक चक्र, सहा चक्रे. इटलीतल्या मिलानमध्ये जानी बोनादोन्ना यांच्या गटाने १९७० च्या दशकात बसवलेला हा संच आजही जगभर वापरात आहे. नवी औषधे, जसे ब्रेन्टुक्सिमॅब आणि निवोलुमॅब, पहिल्या उपचारातही आली आहेत, पण खर्चामुळे आपल्याकडे एबीव्हीडीचाच आधार मोठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोची पॅकेजेस आहेत. पूर्वमंजुरीसाठी बायॉप्सी रिपोर्ट, शिधापत्रिका आणि आधार आधीच तयार ठेवले की पहिला डोस अडत नाही.

डॉक्सोरुबिसिन आणि विनब्लास्टिन शिरेबाहेर सांडले तर कातडी जळते, म्हणून पिक लाइन, म्हणजे दंडातून मोठ्या शिरेत सोडलेली बारीक नळी. डकारबाझिन उजेडाने खराब होते, बाटली झाकूनच लावायची. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लाल येते, ते रक्त नव्हे. ब्लिओमायसिनच्या संध्याकाळी थंडी-ताप येऊ शकतो. पण त्यानंतरच्या दिवसांत एकदा १०१ अंश फॅरेनहाइट ताप म्हणजे पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. त्याच रात्री रुग्णालय, रक्ताचे कल्चर, तासाभरात शिरेतून प्रतिजैविक. गाव लांब असेल तर जवळचे कोणते रुग्णालय हे करेल, ते पहिल्या डोसच्या दिवशीच ठरवून कागदावर लिहून द्यावे.

पंधराव्या दिवशी पांढऱ्या पेशी कमी दिसतात आणि डोस पुढे ढकलावा असे सगळ्यांना वाटते. एबीव्हीडीत ताप नसेल तर बहुतेक तज्ज्ञ तारीख हलवत नाहीत, कारण लांबलेले डोस निकाल बिघडवतात. पेशी वाढवणारी इंजेक्शने ब्लिओमायसिनबरोबर शक्यतो टाळतात, फुप्फुसाचा त्रास वाढण्याची शक्यता असते म्हणून.

दोन चक्रांनंतरचा पेट: चमक मोजणाऱ्या १ ते ५ च्या डोव्हिल मापनावर २, म्हणजे उरलेली चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताच्या चमकेपेक्षा जास्त नाही. अशा रुग्णांत पुढच्या चार चक्रांतून ब्लिओमायसिन काढले तरी तीन वर्षांचा निकाल साधारण तोच, ८५ टक्क्यांच्या आसपास, राहतो आणि फुप्फुस वाचते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅथल चाचणीने दाखवले. इथेही ब्लिओमायसिनचे चारच डोस दिले. क्षयाचे कल्चर दरम्यान निगेटिव्ह आले. शेवटच्या पेटमध्ये डोव्हिल १, रेडिएशन नाही.

मानेत एक सेंटिमीटरची टणक गाठ मात्र हाताला लागतच राहिली. तो उरलेला व्रण आहे. वाढत नसेल तर दर महिन्याला सुई नको आणि दर सहा महिन्यांनी पेटही नको. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणे, रक्ताच्या साध्या चाचण्या आणि नव्या तक्रारींची विचारपूस.

त्याच्या फायलीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेले: डॉक्सोरुबिसिन एकूण ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणून हृदयाच्या कोणत्याही तक्रारीत सांगायचे. ब्लिओमायसिन चार डोस मिळालेले, म्हणून कोणत्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला सांगायचे, अनावश्यक जास्त प्राणवायू टाळण्यासाठी. त्याला रक्त चढवावे लागले तर इरॅडिएटेड, म्हणजे किरण दिलेले रक्तच, आयुष्यभर. गाठीचे ब्लॉक कुठे ठेवले आहेत त्याचा क्रमांकही त्याच पानावर.